नागरिकत्वाचा निर्णय : भावना आणि हिशेब

परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या अनेक कुटुंबांत एक विषय दर दिवाळीला निघतो आणि दर दिवाळीला पुढे ढकलला जातो. तेथील नागरिकत्व घ्यावे का, आणि घ्यायचे तर केव्हा?

सांगलीत हळदीचा व्यापार असलेल्या एका घराण्यातील धाकटे चिरंजीव न्यू जर्सीत राहतात. पती, पत्नी व कन्या या तिघांना ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षे झाली, त्यांपैकी निम्म्याहून अधिक काळ वास्तव्य तेथेच घडले. अर्जाची पात्रता आली. पण सही होईना. सांगलीच्या आजोबांचे म्हणणे एकच होते : "पासपोर्ट सोडलास की मळा गेला."

ही भीती अनेक घरांत असते. म्हणून कायदा समजून घेणे अगत्याचे आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार, स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते आणि पासपोर्ट परत करावा लागतो. त्यानंतर ओसीआय कार्ड मिळू शकते. त्याने भारतात येण्या-राहण्याची आजीवन मुभा मिळते. मात्र मतदानाचा व निवडणूक लढविण्याचा हक्क राहत नाही. ओसीआय धारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही. पण वारसाहक्काने मिळू शकते. शिवाय भारतीय पासपोर्ट असूनही परदेशी राहणाऱ्या अनिवासी व्यक्तीला शेतजमीन खरेदी करता येतच नाही. थोडक्यात, मळा जाणार नव्हता; जाणार होते ते मत.

दरम्यान आजोबांना पक्षाघात झाला. चिरंजीव धावत आले आणि वडिलांच्या उशाशी राहिले; परंतु पाचव्या महिन्यात त्यांना परतावे लागले. सलग सहा महिन्यांहून अधिक काळ अमेरिकेबाहेर राहिल्यास नागरिकत्वासाठी मोजले जाणारे सलग वास्तव्य खंडित मानले जाऊ शकते. पूर्वपरवानगीविना वर्ष उलटले, तर ग्रीन कार्डही धोक्यात येते. सेवेची गरज असतानाच मुलाला निघावे लागते, हे पाहून आजोबांचे मत पालटले. अडखळत्या शब्दांत ते म्हणाले, "कागद तिकडचा कर, पण माणूस इकडे राहू दे."

आणखी एक मुदत जवळ आली होती. कन्या सतरा वर्षांची होती. आईवडिलांपैकी एकजण नागरिक झाला, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या, ग्रीन कार्ड असलेल्या १८ वर्षांखालील अपत्याला नागरिकत्व आपोआप मिळते; नंतर मात्र तिला स्वतंत्र अर्ज व परीक्षा चुकत नाही. तिला विचारून, तिची संमती घेऊन मगच पतिपत्नींनी अर्ज भरले.

जमेसोबत नावेही पाहिली पाहिजे. अमेरिकन नागरिक कोठेही राहिला, तरी त्याला जगभरच्या उत्पन्नाचे विवरणपत्र तेथे भरावे लागते. परदेशी खात्यांतील एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेल्यास तीही कळवावी लागते. भारतातील बँकेला नव्या नागरिकत्वाची माहिती देणे व केवायसी अद्ययावत करणे विसरू नये.

शपथविधी कन्येच्या अठराव्या वाढदिवसापूर्वी पार पडला. ओसीआय कार्ड येताच चिरंजीव सांगलीस आले आणि आठ महिने राहिले. परतीच्या तारखेबद्दल या वेळी आजोबांनी विचारले नाही.