गणिताची जागतिक स्पर्धा बारावीनंतरही असते. यवतमाळच्या मुलांनी सुरुवात कुठून करायची?

बारावीला गणितात चांगले मार्क्स आले, पण इंजिनिअरिंगची फी झेपणारी नव्हती, म्हणून बी.एस्सी.ला ॲडमिशन घेतली. यवतमाळ, पुसद, उमरखेड, दिग्रस, वणी इथल्या आपल्या अनेक घरांत हे ऐकायला मिळते. मग घरचे म्हणतात, "बी.एस्सी. झाली की बी.एड. कर, कुठेतरी शाळेत लागशील." शिक्षकाची नोकरी इज्जतीचीच आहे. पण गणितात हुशार असलेल्या मुलासमोर तेवढा एकच रस्ता आहे, हा आपला गैरसमज आहे. म्हणून आज आम्ही एका वेगळ्या रस्त्याची माहिती देत आहोत.

या स्पर्धा कोणत्या?

गणित ऑलिम्पियाड बहुतेकांना माहीत असते. ते शाळा आणि ज्युनिअर कॉलेजच्या मुलांसाठी असते, बारावीनंतर तो दरवाजा बंद होतो. मात्र कॉलेजच्या मुलांसाठी 1994 पासून 'इंटरनॅशनल मॅथेमॅटिक्स कॉम्पिटिशन' म्हणजे आयएमसी होते. पहिली स्पर्धा बल्गेरियातील प्लोवदिव शहरात झाली. पदवीच्या पहिल्या ते चौथ्या वर्षाची मुले तिच्यात बसतात, वय साधारण 23 पर्यंत. दोन दिवस पेपर, रोज 5 तास आणि प्रश्न फक्त 5. पेपर इंग्रजीत असतो. आशिया-पॅसिफिक भागासाठी 2017 मध्ये 'सायमन मारे' स्पर्धाही सुरू झाली. तिच्यात दोघांची जोडी करूनही उतरता येते, पण त्यासाठी आपल्या विद्यापीठाने सहभागी व्हावे लागते.

पाच तासांत पाचच प्रश्न?

हो, कारण इथे सूत्र पाठ करून चालत नाही, सिद्ध करून दाखवावे लागते. सोपा नमुना बघा. कोणत्याही 5 पूर्ण संख्या घ्या. त्यांत अशा 3 संख्या नक्की सापडतात, ज्यांच्या बेरजेला 3 ने पूर्ण भाग जातो. का?

3 ने भागल्यावर बाकी 0, 1 किंवा 2 उरते. पाच संख्यांमध्ये तिन्ही प्रकारच्या बाक्या असतील, तर प्रत्येकीची एक संख्या घ्या. 0, 1 आणि 2 मिळून 3 होतात, काम झाले. तिन्ही नसतील, तर पाच संख्या जास्तीत जास्त दोनच प्रकारांत वाटल्या जातात. म्हणजे एका प्रकारात किमान तीन येणारच, आणि सारख्या बाकीच्या तिघींच्या बेरजेला 3 ने भाग जातोच.

यात क्लास लागला नाही, महागडे पुस्तक लागले नाही. लागला तो विचार.

आपल्यासाठी पहिली पायरी

बल्गेरियाचा खर्च ऐकूनच कोणी घाबरेल. प्रवेश फी, राहणे, विमानभाडे, सगळे आले. म्हणून आमचा सल्ला, सुरुवात घराजवळून करा. पुण्याचे एस. पी. कॉलेज आणि मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मिळून 'माधव गणित स्पर्धा' घेतात. चौदाव्या शतकातील केरळचे गणिती माधव यांचे नाव तिला दिलेले आहे. ती मुख्यतः बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी असते, पेपर साधारण जानेवारीत होतो आणि देशभर केंद्रे असतात. जुने पेपर इंटरनेटवर मोफत मिळतात.

दुसरी संधी 'एमटीटीएस'ची. प्रा. एस. कुमरेसन यांनी 1993 मध्ये सुरू केलेले हे उन्हाळी गणित शिबिर साधारण चार आठवड्यांचे असते. निवड झालेल्या मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय शिबिरच करते. अशी तयारी झालेल्या मुलाला पुढे आयआयटीच्या एम.एस्सी.साठी 'जॅम', किंवा चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा परकी वाटत नाही. खरा फायदा इथेच आहे, मेडल मिळो न मिळो.

पालकांसाठी दोन शब्द

उर्दू किंवा मराठी मीडियमचे मूल इंग्रजी पेपर बघून बिचकते. पण गणिताची इंग्रजी थोडीच असते. 'लेट', 'सपोज', 'देअरफोर' असे शंभरेक शब्द रोज लिहून सहा महिन्यांत बसतात.

कमी मार्कांनी खचू देऊ नका. अमेरिकेत 1938 पासून चालणाऱ्या पुटनम स्पर्धेत 120 पैकी 0 किंवा 1 गुण घेणारी मुले अनेक वर्षी निम्म्याच्या आसपास असतात, आणि ती तिथल्या चांगल्या विद्यापीठांची असतात.

मुलींना मागे ठेवू नका. तेहरानच्या मरियम मिर्झाखानी यांनी 1994 आणि 1995 मध्ये ऑलिम्पियाडचे सुवर्ण घेतले, आणि 2014 मध्ये फील्ड्स मेडल मिळवणाऱ्या त्या जगातील पहिल्या महिला ठरल्या.

आणि हे इल्म आपल्याला परके नाही. 'अल्जेब्रा' हा शब्द नवव्या शतकातील बगदादच्या अल-ख्वारिझ्मी यांच्या 'अल-जब्र'वरून आला. त्या किताबेत विरासतीच्या वाटणीचे हिशेबही आहेत.

घरात कोणी बी.एस्सी.ला असेल, तर या आठवड्यात एवढेच करा. कॉलेजच्या गणित विभागात जाऊन सरांना विचारा, "माधव स्पर्धेचे जवळचे केंद्र कोणते, आणि आपल्या कॉलेजमधून नाव कसे नोंदवायचे?" विचारणारे दोघे-चौघे झाले, तर पुढच्या वर्षी कॉलेज स्वतःहून सांगेल, इन्शाअल्लाह.