निगेटिव्हमध्ये किती मेगापिक्सेल असतात?

तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरांनी कॅमेऱ्यावर बोलावं, याचं इथे काही जणांना नवल वाटलं असेल. पस्तीस वर्षं आम्ही वर्गात ‘दिसणं’ आणि ‘असणं’ यांतला फरक शिकवला, आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात यशिका मॅट अडकवून जुन्या देवळांभोवती हिंडलो. हे दोन उद्योग वेगवेगळे आहेत, असं आम्हाला तेव्हा वाटायचं. आता वाटत नाही.

आजच्या विषयाला एका पेटीचं निमित्त झालं. आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत सातारा-कोल्हापूर भागातल्या वीरगळांचे आणि शिलालेखांचे फोटो काढले. सगळे १२०च्या रोलवर, सहा बाय सहाचे, कृष्णधवल. त्यांच्या पश्चात हा संग्रह एका संस्थेकडे गेला. संस्थेनं तो स्कॅन करून घेतला, आणि मग पेट्या जागा अडवतात म्हणून मूळ निगेटिव्ह चांदी काढणाऱ्याला देऊन टाकल्या. आम्ही चौकशीला गेलो तेव्हा तिथल्या तरुण व्यवस्थापकानं अगदी अदबीनं सांगितलं, “सर, फिल्ममध्ये जेमतेम दहा-बारा मेगापिक्सेल असतात. आमचे स्कॅन पूर्ण बाराचे आहेत. काहीच गेलेलं नाही.”

आम्ही गप्प बसलो, कारण उत्तर तयार नव्हतं. काही गेलं की नाही, हे ठरवायचं कसं? ते शोधताना जे हाती लागलं, ते आज आपल्यापुढे मांडतो.

आधी आकार. नेहमीच्या ३५ मिलिमीटरच्या फिल्मची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची. १२०च्या रोलवर, जो कोडॅकनं १९०१ साली बाजारात आणला आणि जो आजही मिळतो, चौकट म्हणायला सहा सेंटीमीटरची, मोजली तर ५६ बाय ५६ मिलिमीटर भरते. क्षेत्रफळ साडेतीन पटीहून जास्त. तेवढाच मोठा प्रिंट करायला ही निगेटिव्ह कमी फुगवावी लागते, म्हणून दाणे कमी दिसतात आणि बारकावा टिकतो. मीडियम फॉरमॅटचं सगळं भांडवल एवढंच.

पण नुसत्या आकारावर भाळू नका. आपल्यापैकी अनेकांच्या घरी अॅग्फा क्लिक-थ्री असेल. लहानपणीचे सहलीचे फोटो आठवा. त्यातही हाच १२०चा रोल, हीच सहा बाय सहाची चौकट. भिंग मात्र एकच, साधं. कडेला उभ्या असलेल्या मामांचा चेहरा नेहमी दुधात कालवल्यासारखा! तपशिलाच्या बाबतीत आजचा साधा मोबाइल त्या निगेटिव्हला सहज मागे टाकेल. म्हणजे ‘मीडियम फॉरमॅटचा दर्जा’ अशी वस्तू कुठे ठेवलेली नसते. भिंग, तिपाई, फिल्म, धुलाई, स्कॅनर किंवा एन्लार्जर, कागद आणि शेवटी बघणाऱ्याचा डोळा, अशी ती साखळी आहे.

आता मेगापिक्सेल. फिल्मला पिक्सेल नसतात. तिच्यात चांदीच्या संयुगाचे लहानमोठे दाणे अस्ताव्यस्त विखुरलेले असतात. तिचा बारकावा मोजतात तो काळ्या-पांढऱ्या रेघांच्या जोड्यांत: एका मिलिमीटरमध्ये अशा किती जोड्या वेगळ्या ओळखू येतात? फूजीच्या वेल्विया ५० या नावाजलेल्या पारदर्शिकेसाठी कंपनीनंच दोन आकडे दिले आहेत. रेघांतला उजळपणाचा फरक हजारास एक असेल तर १६० जोड्या, आणि फरक मंद असेल, १.६ ला एक, तर ८० जोड्या.

एका जोडीला किमान दोन पिक्सेल लागतात. तेव्हा ५६ मिलिमीटरच्या चौकटीचा हिशेब करा. १६० धरले तर सुमारे ३२ कोटी पिक्सेल, म्हणजे ३२० मेगापिक्सेल. ८० धरले तर ८०. आणि प्रत्यक्षात भिंगाचे दोष, फोकसमधली बारीकशी चूक, फिल्मचा किंचित बाक, हे सगळं वजा जाता ५० जोड्या पदरात पडल्या तर छायाचित्रकारानं खूश व्हावं. तिथे उत्तर ३१. एकच फिल्म, एकच चौकट, आणि उत्तरं ३२०, ८०, ३१! यातलं खरं कोणतं? वर्गात आम्ही म्हणायचो, उत्तरं एकमेकांशी भांडू लागली की आधी प्रश्नाकडे बघा. ‘फिल्ममध्ये किती मेगापिक्सेल’ हा प्रश्न ‘या डोहात किती बादल्या आहेत’ यासारखा आहे. बादली कोणती, हे आधी सांगावं लागतं.

तरी तुलना अशक्य नाही. अट एकच, दोन्हीकडे माप सारखं लावायचं. निकॉनचा डी८५० हा २०१७चा व्यावसायिक कॅमेरा घ्या. चित्राची उंची ५५०४ पिक्सेल, म्हणजे जास्तीत जास्त २७५२ जोड्या. आपली सहा बाय सहाची फिल्म, मिलिमीटरला ५० जोड्या या दरानं, उंचीत २८०० जोड्या देते. जवळजवळ बरोबरी. २०१९चा फूजीफिल्म जीएफएक्स १०० हा १०२ मेगापिक्सेलचा. त्याच्या उंचीत ४३६८ जोड्या मावतात. त्याला गाठायचं तर फिल्मला मिलिमीटरला ७८ जोड्या द्याव्या लागतील, आणि तेवढ्या रोजच्या कामात मिळत नाहीत. तेव्हा नुसत्या तपशिलात आजचे वरच्या श्रेणीचे डिजिटल कॅमेरे या फिल्मच्या बरोबरीचे किंवा पुढचे आहेत. कमी उजेडात तर स्पर्धाच नाही. फिल्मप्रेमींना हे रुचत नाही. आम्हालाही रुचलं नव्हतं.

पण गंमत वेगळीच आहे. २००२ साली कॅननचा ईओएस-१डीएस आला, अकरा मेगापिक्सेलचा, आणि तेव्हाच अनेक जाणत्या लोकांनी ‘मीडियम फॉरमॅट संपला’ असं सांगायला सुरुवात केली. वरच्या हिशेबानं त्याच्या उंचीत फक्त १३५२ जोड्या, फिल्मच्या निम्म्याहून कमी. मग ते लोक खोटं बोलत होते का? मुळीच नाही. ते प्रिंट बघत होते. पुस्तक वाचायच्या अंतरावरून आपल्या डोळ्याला मिलिमीटरला पाचएक जोड्या बऱ्यापैकी दिसतात. एक फूट उंचीच्या प्रिंटला दीड हजार जोड्या मिळाल्या की डोळा तृप्त. १डीएस त्याच्या जवळ पोचत होता. फिल्ममधला उरलेला तपशील त्या प्रिंटवर होता, पण बघणाऱ्यासाठी नव्हता. शिवाय डिजिटलचं आकाश स्वच्छ दिसायचं, फिल्मच्या आकाशात दाणे दिसायचे, आणि स्वच्छ दिसलेलं आपण चटकन ‘स्पष्ट’ समजतो.

त्या दाण्यांतही स्कॅनरचा हात असायचा. दाण्यांच्या आकाराशी स्कॅनरचं माप जुळलं नाही की दाणे असतात त्याहून भरड दिसतात. सपाट काचेच्या स्कॅनरच्या खोक्यावर ६४०० डीपीआय लिहिलेलं असतं, प्रत्यक्ष तपशील २३००च्या आसपास मिळतो. तेवढ्यानं सहा बाय सहाच्या निगेटिव्हचे २६ मेगापिक्सेल होतात. चांगल्या फिल्म-स्कॅनरनं खरोखर ४००० गाठले तर ७८. फिल्म आणि डिजिटल यांच्या कित्येक कुस्त्यांत फिल्म आखाड्यात उतरलेलीच नसते. तिच्या वतीनं एखादा स्वस्त स्कॅनर लढून हरलेला असतो.

आता आमच्या आवडीचा भाग. दोन्ही माध्यमं कुठवर नेतात हे पाहिलं. ती चुकतात कशी, हे जास्त शिकवणारं आहे. फिल्मची ताकद संपत आली की रेघा फिकट होत जातात, दाण्यांत मिसळतात. ‘यापुढचं मला ठाऊक नाही’ असं ती जणू सांगते. डिजिटल सेन्सरचे पिक्सेल मात्र शिस्तीत, जाळीसारखे बसवलेले. जाळीला झेपणार नाही इतकी बारीक वीण समोर आली, एखादं चौकड्यांचं सुती लुगडं म्हणा, की तिथे नसलेले जाडसर पट्टे उमटतात. याला मॉरे म्हणतात. रंगाचंही तसंच. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या पद्धतीनुसार, जिचं पेटंट १९७६चं, प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजानं भरले जातात. अंदाज बहुधा बरोबर येतो, म्हणून तर चित्र इतकं सुंदर दिसतं. पण चुकला तर तोही तितक्याच आत्मविश्वासानं चुकतो.

नैयायिक शिंपल्यावर दिसणाऱ्या चांदीचं उदाहरण देतात. चांदी खोटी नाही, ती दुसरीकडे कुठेतरी पाहिलेली आहे. चूक ती इथे आरोपित करण्यात. यालाच अन्यथाख्याती म्हणतात. मॉरेचे पट्टे पाहिले की आम्हाला हटकून तो शिंपला आठवतो. (आणि आमच्या गोष्टीत तर खऱ्या चांदीसाठीच निगेटिव्ह गेल्या. असो.)

उजेडाच्या बाबतीत स्वभाव उलटे आहेत, तेही थोडक्यात सांगतो. सेन्सर उजेड सरळ प्रमाणात मोजतो आणि भरला की एकदम थांबतो. जास्त उजेड पडलेलं देवळाचं पांढरं शिखर कोरं होतं, आणि कोरं झालेलं परत येत नाही. निगेटिव्ह फिल्म भरपूर उजेडात हळूहळू मंदावते, त्यामुळे शिखरातला पोत बराच काळ तग धरतो. ती हात टेकते अंधारात. म्हणून जुने लोक सावली सांभाळायला सांगायचे, आणि आजचे उजेड सांभाळतात. पारदर्शिकेचं मात्र दोन्हीकडून हलाखीचं. तिला जेमतेम पाच स्टॉपचा पल्ला, तर चांगल्या सेन्सरला चौदाच्या आसपास.

आता पुन्हा त्या व्यवस्थापकाकडे. बारा मेगापिक्सेलचं चौरस चित्र म्हणजे एका बाजूला सुमारे ३४६० पिक्सेल. ५६ मिलिमीटरला ते वाटले तर मिलिमीटरला ३१ जोड्या. निगेटिव्हमध्ये त्याहून बारीक जे होतं, ते स्कॅनमध्ये येऊच शकत नव्हतं. होतं का, एवढंच बघायचं राहिलं.

सुदैवानं एक पेटी स्नेह्यांच्या घरच्या माळ्यावर राहून गेली होती. त्यांना प्रत्येक दगडाचे दोन फोटो काढायची सवय. एक संस्थेकडे गेला होता, त्याचं भावंड या पेटीत होतं. आमच्या एका विद्यार्थिनीकडून डी८५० आणि मॅक्रो भिंग उसनं आणलं. निगेटिव्ह प्रकाशपाटीवर काचेखाली सपाट बसवली आणि चार तुकड्यांत, कडा एकमेकांवर येतील अशी टिपली. मग ते तुकडे जोडले. शेजारी संस्थेचा स्कॅन लावला.

दगड तोच, ऊन तेच, दोन फोटोंत मिनिटाचंही अंतर नसावं. लेखाच्या वरच्या दोन ओळी दोन्हीकडे सारख्याच वाचता येतात. तिसरी ओळ झिजलेली आणि अक्षरं बारीक. स्कॅनमध्ये तिथे एक करडा पट्टा आहे, अगदी स्वच्छ. आमच्या चित्रात तिथे दाणे आहेत, आणि दाण्यांतून पाच अक्षरं आम्हाला लागली. सहाव्यावर आमचं आणि त्या विद्यार्थिनीचं अजून एकमत झालेलं नाही.

दोन्ही चित्रं आम्ही त्या व्यवस्थापकाला नेऊन दाखवली. तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “सर, अजून दोन कपाटं स्कॅनला जायची आहेत. त्यातल्या निगेटिव्ह अजून आहेत.” पुढच्या आठवड्यात तिथे जायचं ठरलं आहे. आपल्यापैकी कोणाकडे प्रकाशपाटी आणि दोन मोकळ्या दुपारी असतील, तर व्याख्यान संपल्यावर आम्हाला जरूर भेटा.