आफ्रिका फिरायला किती लागतात? पेट्रोल सोडून बोला!

‘नोकरी सोडली, बॅग भरली, आफ्रिका पालथा घातला.’ अशी एखादी रील आठवड्यातून एकदा तरी आपल्या फोनवर येतेच. मागं लाल मातीचा रस्ता, बाजूला जिराफ, वर भारी म्युझिक. खाली कमेंटमध्ये शंभर जण एकच प्रश्न विचारतात, ‘भावा, खर्च किती आला?’ आणि भाऊ त्याचं उत्तर देत नाही.

म्हणून ते उत्तर आपणच काढू या. हिंगोलीतल्या एखाद्या बी.कॉम.च्या किंवा इंजिनिअरिंगच्या पोराला, पोरीला पूर्व आफ्रिका रस्त्यानं फिरायची असेल, तर हिशेब नेमका कसा मांडायचा? विमानानं जाऊन हॉटेलात राहायची टूर नाही. देशामागून देश रस्त्यानं ओलांडत जायचं. याला ओव्हरलँड प्रवास म्हणतात.

शंभर वर्षांपूर्वीही हाच प्रश्न होता

हे वेड इन्स्टाग्रामनं आणलेलं नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतले काही पारशी तरुण सायकलवर जग फिरायला निघाले. इराण, इराक, सीरिया करत, सायनायचं वाळवंट तुडवत ते इजिप्तमध्ये पोचले आणि तिथून युरोपला गेले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनीच फेरी पूर्ण केली. ते मुंबईत परतले मार्च १९२८ मध्ये, म्हणजे जवळजवळ साडेचार वर्षांनी. सायकलला पेट्रोल लागत नाही. पण साडेचार वर्षं माणसाला रोज जेवायला आणि झोपायला लागतं. लांबच्या प्रवासात किलोमीटर स्वस्त असतात, दिवस महाग असतात. बजेटचा हा पहिला धडा तेव्हाही हाच होता.

आधी रूट ठरवा

‘आफ्रिका’ असं बजेट होत नाही. त्या खंडात पन्नासहून जास्त देश आहेत. विद्यार्थ्यांसाठी सोपा तुकडा म्हणजे केनिया, युगांडा, रवांडा आणि टांझानिया. नैरोबीहून कंपाला, तिथून किगाली, मग दार-ए-सलाम, आरुषा आणि परत नैरोबी. मुख्य रस्ता साधारण साडेतीन हजार किलोमीटरचा आहे. आजूबाजूचं फिरणं धरून पाच हजार म्हणू या. दिवस ४५.

हा तुकडा का? इंग्रजीवर काम भागतं. रवांडा सोडला तर बाकी तिन्ही देशांत गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूनं चालतात. शिवाय ओळखीच्या खुणा भेटत राहतात. तिथल्या स्वाहिली भाषेत चहाला ‘चाय’, दुकानाला ‘दुका’ आणि चपातीला ‘चपाती’च म्हणतात. रस्त्यावर प्रवासी नेणाऱ्या बाइकला ‘बोडा-बोडा’ म्हणतात आणि त्यात बजाजची बॉक्सर जागोजागी दिसते. ती बॉक्सर बनते आपल्या मराठवाड्यात, वाळूजला!

मग आपलीच बाइक न्यायची का?

इथं बरेच प्लॅन कोसळतात. आपली एमएच ३८ पासिंगची बाइक तिकडं न्यायची तर ‘कार्नेट’ लागतं. हा गाडीचा पासपोर्टच समजा. आपल्याकडं तो मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळतो. परदेशी गाडी आत आणून कर न भरता तिथंच विकू नये, म्हणून त्या देशांना हमी हवी असते. त्यासाठी गाडीच्या किमतीच्या हिशेबानं मोठी रक्कम अडकवून ठेवावी लागते. गाडी परत आली आणि सगळे शिक्के नीट असले की ती सुटते. पण सहा महिने, वर्षभर ते पैसे आपले नसतात. त्यावर जहाजाचं भाडं जाताना आणि येताना, आणि बंदरावरचा खर्च वेगळा.

दुसरी बाजूही बघा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून बाइकवर निघालेल्या एका तरुणाची गाडी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये चोरीला गेली. १७ देश आणि सुमारे २४ हजार किलोमीटर झाले होते आणि पुढं आफ्रिका बाकी होता. गाडीबरोबर सामान आणि पासपोर्टही गेला. बातमी जगभर गेली, लोक मदतीला धावले. पण लोकांची मदत ही काही बजेटमधली रक्कम नव्हे. सगळी मालमत्ता एकाच डिक्कीत ठेवायची नाही, हे मात्र त्यातून शिकण्यासारखं आहे.

म्हणून पहिल्या खेपेला बस आणि ‘मटाटू’. मटाटू म्हणजे केनियातली आपली काळी-पिवळी. गाडी भरल्याशिवाय सुटत नाही, हेही अगदी आपल्यासारखंच.

आता वही काढा

डॉलर ९० रुपये धरला आहे. व्हिसाची फी सोडली तर बाकी आकडे अंदाजाचे आहेत. ते जरा सढळ हातानंच धरलेत. तुमच्या वहीत तुमचे आकडे घाला. हिशेब एका माणसाचा.

मुंबई–नैरोबी विमान, जाऊन-येऊन : ४५,०००
व्हिसा : १६,२००
पासपोर्ट, लस, प्रवास विमा : १२,०००
बस आणि मटाटू, ५,००० किमी, किलोमीटरला ५ रुपये : २५,०००
राहणं, ४५ रात्री, रोज १,००० : ४५,०००
जेवण, ४५ दिवस, रोज ७०० : ३१,५००
एक छोटी ग्रुप सफारी : ३०,०००
सिमकार्ड, प्रवेश फी, किरकोळ : १५,०००
बेरीज : २,१९,७००
अडीअडचणीसाठी २० टक्के : ४३,९४०
एकूण : २,६३,६४०

म्हणजे पावणेतीन लाखांच्या आत.

आता गंमत बघा. हेच पाच हजार किलोमीटर लिटरला ४० चं ॲव्हरेज देणाऱ्या बाइकवर केले असते, तर १२५ लिटर पेट्रोल लागलं असतं. लिटरला १३० रुपये धरले तरी १६,२५० रुपये होतात. व्हिसाचा खर्च १६,२००. रील बघताना आपण ज्या पेट्रोलची काळजी करतो, तेवढेच पैसे नुसत्या शिक्क्यांना जातात!

कागदांचा खर्च

व्हिसाचा आकडा कसा आला? केनिया, युगांडा आणि रवांडा या तिघांसाठी मिळून ‘ईस्ट आफ्रिका टुरिस्ट व्हिसा’ आहे. १०० डॉलर, ९० दिवस. टांझानियाचा वेगळा, ५० डॉलर. पण या तीन देशांच्या बाहेर पाऊल टाकलं की पहिला व्हिसा संपतो. टांझानियातून परत नैरोबीला यायचं तर केनियाची ३० डॉलरची ऑनलाइन परवानगी पुन्हा घ्या. झाले १८०. देशांचा क्रम चुकला तर इथंच पैसे वाढतात. नियम आणि फी बदलत असतात, त्यामुळं अर्ज करण्याआधी त्या त्या देशाच्या सरकारी साइटवरच बघा.

यलो फीवरची लस टाळू नका. ती प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते आणि ठरलेल्या केंद्रांवरच मिळते. सर्टिफिकेट आता आयुष्यभर चालतं. ते नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर तुम्हाला क्वारंटाइन करू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

तिकडं बाइक भाड्यानं घेऊन चालवायची असेल, तर आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतूनच मिळतो. फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. मात्र बाइकवरचा अपघात विम्यात धरलाय का, ते पॉलिसीतल्या बारीक अक्षरांत शोधा. नसेल तर बाइकला हात लावू नका.

जनावरं बघायची किंमत

सगळ्यात मोठा खड्डा इथं पडतो. केनियातल्या मसाई मारामध्ये परदेशी माणसाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर लागतात आणि जुलै ते डिसेंबर २००. गोरिला बघायचा परवाना युगांडात ८०० डॉलर, रवांडात १,५००. म्हणजे रवांडातली गोरिलांबरोबरची एक तासाची भेट १ लाख ३५ हजारांना पडते. आपल्या पूर्ण ट्रिपचा अर्धा खर्च. ते यावेळी राहू द्या.

त्याऐवजी नैवाशाजवळच्या हेल्स गेट नॅशनल पार्कमध्ये सायकलवर फिरता येतं, झेब्रे शेजारून जातात. टांझानियात मिकुमी नॅशनल पार्कमधून मोठा हायवेच जातो. थोडी वाट वाकडी केली तर बसच्या खिडकीतून हत्ती, जिराफ दिसू शकतात, बसच्या तिकिटात!

महिनाही हिशेबानं निवडा. जानेवारी-फेब्रुवारी तिकडं बऱ्यापैकी कोरडे असतात आणि माराची फी निम्मी असते. अडचण एवढीच, की नेमकी तेव्हाच आपल्याकडं हळद काढायची घाई असते. ज्यांच्या घरी हळद आहे त्यांनी आईबाबांशी आधी बोला. दोन हात कमी पडले तर तिथं मजूर लावावा लागतो. तोही या ट्रिपचाच खर्च आहे.

सुकुमा विकी!

जेवणाला रोजचे ७०० पुरतील का? मॉलमध्ये पिझ्झा खाल्ला तर नाही. लोक जिथं जेवतात तिथं बसलात तर पुरतील. मक्याच्या पिठाचा घट्ट ‘उगाली’, घेवडा, चपाती आणि एक हिरवी पालेभाजी. त्या भाजीचं नाव ‘सुकुमा विकी’. अर्थ, ‘आठवडा ढकल’! पैसे संपत आले की आठवडा ढकलणारी भाजी. होस्टेलवर महिनाअखेरी ज्यांनी दिवस काढलेत, त्यांना हे नाव समजावून सांगायला नको.

पैसे नेताना सगळे एका जागी ठेवू नका. परदेशात जाताना साधारण ३,००० डॉलरपर्यंत रोख नोटा नेता येतात, पण एवढ्या नेऊ नका. थोडे डॉलर, एक फॉरेक्स कार्ड आणि लपवून ठेवलेलं दुसरं कार्ड. नोटा नव्या छपाईच्या, न फाटलेल्या घ्या, जुन्या घेताना तिकडं कुरकुर करतात. केनियात २००७ पासून ‘एम-पेसा’ आहे. फोनवरून पैसे द्यायचं. आपलं यूपीआय आलं २०१६ ला, त्याच्याही नऊ वर्षं आधी.

आणि मैत्रिणींनो, तुमच्या वहीत एक ओळ जादा हवी. बस रात्री उशिरा पोचली तर स्वस्त लॉज शोधत फिरायचं नाही, थेट चांगल्या ठिकाणी जायचं. अशा सात-आठ रात्रींचे पैसे आधीच बाजूला ठेवा. ही चैन नाही, हा भाडेखर्चच आहे.

हिशेब घरातच शिकता येतो

हे सगळं वाचून ‘आपल्याला नाही जमायचं’ असं वाटत असेल, तर घरात बघा. हळद करणारा शेतकरी जूनमध्ये बेणं लावतो आणि पैसे बघतो पुढच्या वर्षी. मध्ये खत, पाणी, निंदणी. काढणीनंतरही शिजवणं, वाळवणं, पॉलिश, वसमतच्या किंवा हिंगोलीच्या मार्केटपर्यंत गाडीभाडं. बेण्याच्या पैशात हळद होत नाही, हे त्याला पक्कं माहीत असतं. विमानाच्या तिकिटात आफ्रिका होत नाही, तेही असंच.

दुसरी शाळा म्हणजे वारी. नर्सीहून नामदेव महाराजांची पालखी पंढरपूरला निघते. दिंडीत प्रत्येक जण आधी भिशी भरतो आणि जेवणाचा खर्च त्यातून चालतो. वाटेत कोण किती जेवलं यावर भांडण नाही. ग्रुपनं जात असाल तर हेच करा. रोजचा प्रवास, खोली, जेवण एका भिशीतून. खरेदी आणि हौस ज्याची त्याच्या खिशातून. भिशीची वही एकाकडं, पैसे दुसऱ्याकडं.

आणायचे कुठून?

महिन्याला ४,००० वाचवले तर ६६ महिने, म्हणजे साडेपाच वर्षं. नोकरी लागल्यावर ८,००० वाचवले तर ३३ महिने, पावणेतीन वर्षं. आज बाविसाव्या वर्षी सुरुवात केली तर पंचविशीत नैरोबी. उशीर वाटतो? ॲपवरून कर्ज काढून लगेच जाता येईल, पण मग परत आल्यावरची दोन-तीन वर्षं हप्त्यांची. फिरण्यासाठी कर्ज नाही, आणि घरच्या शेतावर तर मुळीच नाही. ही एक अट घालून घ्या.

आणखी एक. परतीचं तिकीट आधीच काढलेलं असू द्या आणि ते २० टक्के शेवटच्या आठवड्यापर्यंत फोडू नका. बॉर्डरवर अडकलात, ताप आला, बस चुकली, असे पाच दिवस वाढले तरी रोजच्या १,७०० नं ८,५०० रुपये उडतात.

आधी तालीम

आफ्रिकेच्या आधी आठ दिवस आपल्याच देशात फिरा. हिंगोलीहून रेल्वेनं, एसटीनं, कन्याकुमारी म्हणा नाहीतर हंपी. निघायच्या आदल्या रात्री अंदाजे खर्च लिहा आणि पाकीट बंद करून घरी ठेवा. वाटेत चहासकट रोजचा खर्च टिपा. मुलींनी एसटीच्या अर्ध्या तिकिटाचा फायदा जरूर घ्यावा, पण वहीत पूर्ण भाडं लिहावं, कारण केनियात ती सवलत नाही.

परत आल्यावर पाकीट उघडा. अंदाज ८,००० चा आणि खर्च १०,००० झाला असेल, तर तुमचा अंदाज २५ टक्क्यांनी कमी पडतो. मग वरच्या तक्त्यात २० च्या जागी २५ टाका. एकूण होईल २ लाख ७४ हजार ६२५. त्याला तुमच्या महिन्याच्या बचतीनं भागा. किती महिने आले, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि पासपोर्टचा अर्ज भरा. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये आहे आणि तो दहा वर्षं चालतो. एवढा खर्च तर आजही करता येईल.