नोकरी सोडल्यानंतरचे कायदेशीर वाद : सेवा करार, बाँड आणि उपजीविकेचे स्वातंत्र्य

प्रस्तावना :
खटाव व माण या दुष्काळी तालुक्यांतील तरुण शिक्षण पूर्ण होताच नोकरीसाठी पुणे, मुंबई, बेंगळुरू येथे जातो. नेमणूकपत्राबरोबर त्याच्याकडून अनेकदा बाँडवर सही घेतली जाते. कोठे मूळ प्रमाणपत्रे, तर कोठे कोरा धनादेश ठेवून घेतला जातो. पुढे अधिक चांगली संधी मिळाली म्हणून त्याने राजीनामा दिला की पूर्वीच्या मालकाची नोटीस येते आणि वडूजसारख्या गावात असा माजी विद्यार्थी प्रथम आपल्या प्राध्यापकाकडे सल्ल्यासाठी येतो. विनाअनुदानित संस्थांत काम करणाऱ्या प्राध्यापकांनाही हा प्रश्न परका नाही. अशा वादात मालकाचा हक्क नेमका कोठे संपतो, हे न्यायनिर्णयांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

कलम २७ चे तत्त्व :
भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ नुसार कोणासही कायदेशीर व्यवसाय, व्यापार किंवा धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्या मर्यादेपर्यंत शून्य ठरतो. कलमात दिलेला अपवाद व्यवसायाच्या नावलौकिकाच्या विक्रीपुरता आहे. इंग्लंडमध्ये नोकरीनंतरचे बंधन ‘वाजवी’ असल्यास न्यायालय ते मान्य करते. भारतीय कायद्यात नोकरीनंतरच्या बंधनाला ही सवलत नाही. मात्र हे कलम करार चालू असतानाच्या बंधनांना त्याच रीतीने लागू होत नाही. हा भेद लक्षात न घेतल्याने बराच गोंधळ होतो.

करार चालू असताना :
या संदर्भातील महत्त्वाचा खटला महाराष्ट्रातीलच आहे. कल्याण येथील सेंच्युरी रेयॉन कारखान्याने टायर कॉर्ड धाग्याचे तंत्रज्ञान हॉलंड व पश्चिम जर्मनीतील कंपन्यांकडून घेतले होते. तेथे १९६३ मध्ये पाच वर्षांच्या करारावर नेमलेला पाळी पर्यवेक्षक प्रशिक्षण घेऊन १९६४ मध्ये मुदतीपूर्वीच नोकरी सोडून कोटा येथील त्याच उत्पादनाच्या कंपनीत अधिक पगारावर गेला. निरंजन शंकर गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये त्याच्याविरुद्धचा मनाई हुकूम कायम केला. हे बंधन कराराच्या उरलेल्या मुदतीपुरते, म्हणजे १५ मार्च १९६८ पर्यंत, आणि तशाच स्वरूपाच्या कामापुरते होते. इतर काम करून पोट भरण्याची त्याला मुभा होती. न्यायालयाने त्यास जुन्या मालकाकडे परत जाण्यास भाग पाडले नाही, हेही महत्त्वाचे आहे. व्यक्तिगत सेवेचा करार न्यायालय सक्तीने पार पाडून घेत नाही.

करार संपल्यानंतर :
करार संपल्यावर मात्र चित्र पालटते. श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान याने २००० मध्ये परसेप्ट डी’मार्क या कंपनीशी प्रसिद्धीविषयक तीन वर्षांचा करार केला होता. मुदत संपल्यानंतरही दुसऱ्याकडे जाण्यापूर्वी आपणास पहिली संधी द्यावी, असा कंपनीचा आग्रह होता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये ही अट कलम २७ च्या विरुद्ध ठरविली. हा करार मालक-नोकर स्वरूपाचा नव्हता. तथापि मुदतीनंतरचे बंधन शून्य असते, हे तत्त्व त्यातून दृढ झाले. त्यामुळे ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षे प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही’ ही अट सही केलेली असली तरी सामान्यतः टिकत नाही. गोपनीय माहिती उघड न करण्याचे बंधन मात्र पुढेही राहते.

बाँडची रक्कम :
बाँडची रक्कम हा वेगळा प्रश्न होय. विजया बँकेच्या एका वरिष्ठ व्यवस्थापकाने २००७ मध्ये रुजू होऊन तीन वर्षांपूर्वीच, २००९ मध्ये, राजीनामा दिला व दोन लाख रुपये हरकत नोंदवून भरले. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी बँकेची अट वैध ठरविली. सार्वजनिक बँकेस खुल्या व खर्चिक प्रक्रियेतून भरती करावी लागते आणि त्या पदाच्या वेतनाच्या मानाने रक्कम राजीनामाच अशक्य करणारी नाही, हे त्यामागील कारण होते. त्याच निर्णयात, छापील करारात दोन्ही पक्षांचे बळ समान नसते आणि अट जाचक नाही हे दाखविण्याची जबाबदारी मालकावर असते, असेही नमूद केले आहे. शिवाय कलम ७४ नुसार करारातील रक्कम ही कमाल मर्यादा होय. न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते. प्रशिक्षणावर खर्च न करणाऱ्या मालकास केवळ छापील आकड्याच्या आधारे पूर्ण रक्कम सहज मिळेल, असे नव्हे.

प्रमाणपत्रे, धनादेश व येणे रक्कम :
दुसऱ्याची वस्तू येणे रकमेपोटी अडवून ठेवण्याचा सर्वसाधारण हक्क करार कायद्याच्या कलम १७१ ने बँका, अडते, उच्च न्यायालयाचे वकील अशा मोजक्याच वर्गांना दिला आहे. मालक त्यांत येत नाही. म्हणून पदवी प्रमाणपत्र तारण ठेवण्यास कायद्याचा आधार दिसत नाही. कोऱ्या धनादेशावर रक्कम भरून तो वटविण्याचा प्रयत्न झाल्यास, कायदेशीर देणे होते का, हा प्रश्न निर्णायक ठरतो. मात्र न वटल्याची नोटीस आल्यावर रक्कम देण्यास पंधराच दिवस मिळतात, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत वेतन द्यावयाचे असते. खासगी शाळांतील शिक्षकांचा ग्रॅच्युइटीचा हक्कही सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केला आहे.

राजीनाम्याची पद्धत व न्यायालयाचे ठिकाण :
महाराष्ट्रातील खासगी शाळांसाठीच्या १९७७ च्या सेवाशर्ती कायद्यातील कलम ७ नुसार राजीनामा दोन प्रतींत लिहून, दोन्हींवर सही व तारीख घालून, एक प्रत रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनास पाठवावयाची असते. नेमणुकीच्या वेळीच बिनतारखेचा राजीनामा लिहून घेण्याच्या प्रकारास यामुळे आळा बसतो. इतर नोकऱ्यांतही हीच खबरदारी उपयुक्त ठरते. दावा कोठे चालेल हेही पाहावे. एप्रिल २०२५ मध्ये एचडीएफसी बँकेच्या प्रकरणात, नेमणूकपत्रात केवळ मुंबईच्या न्यायालयांचा उल्लेख असल्याने पाटणा व दिल्ली येथे काम केलेल्या कर्मचाऱ्यांनाही मुंबईतच दाद मागावी लागेल, असे ठरले. अशा अटीवर सही करणाऱ्या खटावच्या तरुणासही वडूजच्या न्यायालयाचा उपयोग होणार नाही.

निष्कर्ष :
मालकास आपल्या खर्चाची वाजवी भरपाई मागण्याचा हक्क आहे. कर्मचाऱ्याचे पुढील आयुष्य अडवून धरण्याचा नाही. नोटिशीस घाबरून नवी नोकरी सोडणे किंवा ती फाडून टाकणे, हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. करार, राजीनाम्याची प्रत, पोचपावती व वेतनचिठ्ठ्या घेऊन वकिलामार्फत मुदतीत लेखी उत्तर देणे हाच योग्य मार्ग होय. वकील नेमणे परवडत नसल्यास पात्र व्यक्तीस तालुका विधी सेवा समितीकडे मोफत साहाय्य मागता येते. अंतिम वर्षाच्या वर्गात नेमणूकपत्र कसे वाचावे, याचा एक तास ठेवला, तर यांपैकी अनेक वाद सहीपूर्वीच टळू शकतील.