‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेण्याचा हक्क कोणाला?

ब्रिटनमध्ये घर घेतलं, संसार वाढला, की पुढचा विचार ठरलेला असतो: माळ्यावर एक खोली काढायची किंवा मागच्या बाजूला स्वयंपाकघर वाढवायचं. मग ओळखीतून कोणीतरी एखाद्या ‘आर्किटेक्ट’चा नंबर देतो. आयुष्यभराची पुंजी त्याच्या हाती सोपवण्याआधी आजची माहिती जरूर ऐका.

पहिली गोष्ट ऐकून आश्चर्य वाटेल. या देशात घराचे नकाशे कोणीही काढू शकतो, नियोजन परवानगीसाठी अर्जही करू शकतो. कायद्याने राखून ठेवलं आहे ते काम नव्हे, तर नाव. १९९७ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टच्या कलम २० नुसार, आर्किटेक्ट्स रजिस्ट्रेशन बोर्डाच्या, म्हणजे एआरबीच्या नोंदवहीत नाव नसलेल्या माणसाला ‘आर्किटेक्ट’ या नावाने व्यवसाय करता येत नाही. तसं करणं हा गुन्हा आहे आणि त्याला दंड होतो. जहाजांचे, बागबगीचांचे आणि गोल्फ मैदानांचे आर्किटेक्ट मात्र यातून वगळले आहेत.

मग कंपनीचं काय? एआरबी नोंदणी करते ती व्यक्तींची, कंपन्यांची नाही. कंपनीच्या नावात ‘आर्किटेक्ट’ हा शब्द हवा असेल, तर दोन अटी आहेत. तिचं वास्तुरचनेचं काम एका नोंदणीकृत आर्किटेक्टच्या नियंत्रणाखाली हवं, आणि त्याच वेळी तो दुसऱ्या कंपनीत तशीच जबाबदारी सांभाळत नसावा. शिवाय, जिथे जिथे हे काम चालतं त्या प्रत्येक कार्यालयात ते नोंदणीकृत आर्किटेक्टने किंवा त्याच्या देखरेखीखाली व्हायला हवं. नुसतं एखाद्याचं नाव पाटीवर लावून भागत नाही.

रिबाचं सभासदत्व ही वेगळी गोष्ट. ती व्यावसायिकांची संस्था आहे, तिथे जाणं ऐच्छिक आहे. एआरबीची नोंदणी मात्र हे नाव वापरायचं तर सक्तीची.

आता आपल्या तरुण मंडळींसाठी. पुण्यातून किंवा मुंबईतून बी.आर्क. करून आलात, भारतातल्या १९७२ च्या कायद्याखाली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे तुमची नोंदणी आहे, तरी ती इथे आपोआप चालत नाही. एआरबीने ठरवलेल्या मार्गाने पात्रता सिद्ध करावी लागते. तोवर व्हिजिटिंग कार्डावर ‘आर्किटेक्ट’ छापून स्वतःचं काम सुरू करू नका. नोंदणीकृत आर्किटेक्टच्या हाताखाली काम करायला मात्र काहीच हरकत नाही.

आणि घरमालकांनो, ‘आर्किटेक्चरल डिझायनर’ किंवा ‘कन्सल्टंट’ म्हणवणारे सगळे फसवे असतात असं मुळीच नाही. अनेक जण उत्तम काम करतात. पण नोंदणीकृत आर्किटेक्टला एआरबीची आचारसंहिता पाळावी लागते: करार लेखी हवा, व्यावसायिक विमा हवा. तक्रार गंभीर असेल तर नोंदवहीतून नावही जाऊ शकतं. इतरांच्या बाबतीत हे सगळं तुम्हालाच विचारून घ्यावं लागतं.

तेव्हा पैसे देण्याआधी तीन कामं करा. एआरबीच्या संकेतस्थळावर नाव शोधा, ते फुकट आहे. विम्याचा कागद मागा. आणि कोणतं काम, किती पैशांत, हे लिहून घ्या. ओळख कितीही घरोब्याची असली, तरी कागद मागण्यात संकोच नको.

पुढच्या भागात भेटूच. नमस्कार!