सांगता न येणारे दुखणे

पोटात कळ आली, छातीत दडपण वाटले की आपण डॉक्टरांकडे जातो आणि काय होते ते सांगतो. निम्मे निदान या सांगण्यातच होते. पण ज्याला हे सांगताच येत नाही, त्याने काय करावे? ज्यांना पूर्वी आपण मतिमंद म्हणत असू आणि आता बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती म्हणतो, त्यांच्यापुढे नेमकी हीच अडचण असते.

मुंबईत शिवडीची जयवकील शाळा 1944 साली एका पारशी दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने सुरू केली. तेव्हा प्रश्न शिक्षणाचा होता. आज ही मुले चाळिशी-पन्नाशी गाठू लागली आहेत. मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदू, शस्त्रक्रिया हे सारे त्यांच्याही वाट्याला येते, आणि तोवर सांभाळणारे आईवडील सत्तरीच्या पुढे गेलेले असतात.

वागणे बदलले तर आधी शरीर तपासा

घाटकोपरच्या माझ्या दवाखान्यात डाऊन सिंड्रोम असलेला एक तरुण येतो. रोज कार्यशाळेत जाऊन कागदी पिशव्या करणारा. वडील वारले आणि काही महिन्यांत त्याने घराबाहेर पडणे सोडले. दिवसभर झोपून राही, रेल्वेचा पूल चढायला नकार देई, अंगाने सुटत चालला. ‘वडिलांचा धसका घेतला’ असे शेजारी म्हणत, ‘हट्टी झालाय’ असे भाऊ म्हणे. रक्त तपासले तेव्हा थायरॉईडचे काम फारच मंदावलेले आढळले. गोळी सुरू झाली आणि दोन-तीन महिन्यांत तो पुन्हा पिशव्या करू लागला. वडिलांचे दुःख खरेच होते, पण त्याच्या आड आजार दडला होता.

‘अशा मुलांचे असे व्हायचेच’ हे वाक्य घरात, शेजारी आणि कधी कधी डॉक्टरांच्याही तोंडी ऐकू येते. ते धोक्याचे आहे. ज्याला शब्द नाहीत, त्याचे शरीर वागण्यातून बोलते. गालावर किंवा कानावर मारून घेत असेल तर दात किडला आहे का, कान फुटला आहे का, ते पाहावे. जेवण ढकलून देत असेल तर तोंड आले असेल, आम्लपित्त असेल किंवा कित्येक दिवस शौचाला झाले नसेल. जिना उतरताना कठडा सोडत नसेल तर मोतीबिंदू असू शकतो. हाकेला ओ देत नसेल तर कानात मळ साचला असेल. अंथरूण पुन्हा ओले होऊ लागले तर लघवीची आणि साखरेची तपासणी करावी. रात्री मोठ्याने घोरणारा आणि दिवसा पेंगणारा माणूस आळशी नसतो; झोपेत त्याचा श्वास अडत असेल.

डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉईडची तपासणी दरवर्षी करावी. डोळे आणि कान ठरावीक काळाने दाखवावेत. या व्यक्तींना चाळिशीनंतर अल्झायमरचा विसरही इतरांपेक्षा लवकर गाठतो. परंतु विसरभोळेपणा दिसला की लगेच तो शिक्का मारू नये. थायरॉईड, नजर, ऐकणे आणि मनाची उदासी हे सारे आधी तपासून घ्यावे.

एक वही करा

बदल ओळखायचा तर मूळचे वागणे ठाऊक हवे. बहुतेक घरांत ते फक्त आईला ठाऊक असते. आई स्वतःच आजारी पडली, तर ती सारी माहितीही तिच्याबरोबर रुग्णालयात जाते. म्हणून शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर आजार, औषधे व त्यांचे प्रमाण, रक्तगट आणि कशाची ॲलर्जी आहे ते लिहा. पुढे रोजचा क्रम: किती झोपतो, काय खातो, शौचाला कधी जातो, दुखले की काय करतो, कशाने शांत होतो. महिन्यातून एकदा वजन लिहा. भावाला, वहिनीला, शेजारच्या काकूंना ही वही कुठे ठेवली आहे ते दाखवून ठेवा. नवीन डॉक्टरांपुढे हे बाड ठेवले की त्यांचेही काम सोपे होते.

रुग्णालयात नेण्यापूर्वी

आपल्याला जी गर्दी सवयीची, ती या व्यक्तीला घाबरवते. म्हणून शस्त्रक्रिया ठरली असेल तर शक्य झाल्यास आधी एकदा नुसती फेरी मारून आणा. राजावाडी असो, कूपर असो की गल्लीतले नर्सिंग होम असो, बाकडे, खाट, पांढरा कोट हे सारे एकदा पाहिलेले असले की भीती निम्मी होते. सुई टोचणार असेल तर ‘काही होणार नाही’ असे खोटे सांगू नका. ‘थोडे दुखेल, मग संपेल’ असे छोट्या वाक्यात सांगा. घरी बाहुलीवर किंवा स्वतःच्या दंडावर खोटी सुई लावून दाखवा. बाह्यरुग्ण विभागात लवकर जा आणि सिस्टरांना आधीच कल्पना द्या. सोबत रोजच्या ओळखीचे एकच माणूस सतत असू द्या.

डाऊन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा सैल असू शकतो, हृदयात जन्मजात दोषही असू शकतो. भूलतज्ज्ञांना हे आधी सांगावे. फिट्सच्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या दिवशीही विचारल्याशिवाय थांबवू नयेत.

मधुमेहासारखा जन्माचा आजार लागला तर सगळे पथ्य एका दिवसात लादू नये. आधी चहातली साखर, मग बिस्किटे, असे एकेक पाऊल टाकावे. घरातल्या सर्वांनी तेच खाल्ले तर ‘मलाच का?’ हा प्रश्न उरत नाही.

निर्णय कोणाचा?

1994 मध्ये शिरूरच्या सरकारी निवासगृहातल्या मतिमंद स्त्रियांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली आणि राज्यभर वाद उसळला. पाळीच्या दिवसांत त्यांची स्वच्छता राखणे कठीण जाते, हे त्याचे कारण सांगितले गेले. त्या स्त्रियांना काय वाटते, हा प्रश्न त्यातून पुढे आला. तो आजही विचारला पाहिजे. ज्याचे शरीर, त्याला समजेल अशा शब्दांत सांगणे आणि त्याची मान हलते की नाही ते पाहणे हे आपले कर्तव्य आहे.

कायद्याची बाजूही सांभाळावी लागते. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती पालक नेमते. उपनगरातल्या मंडळींनी वांद्रे पूर्वेच्या जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करावी. याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विम्याचे संरक्षण मिळते आणि त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी करावी लागत नाही. दिव्यांगत्वाचा दाखला मात्र हवा.

‘आमच्यामागे याचे कसे होणार?’ हा प्रश्न प्रत्येक पालक दवाखान्यात एकदा तरी विचारतो. बदलापूरची ‘आधार’ ही संस्था पालकांनी याच काळजीतून उभी केली. प्रत्येकाला तिथे जागा मिळणार नाही. पण ज्या घरात वही लिहिलेली आहे, पालकत्वाचे कागद तयार आहेत आणि आणखी दोन माणसांना त्या मुलाची भाषा कळते, त्या घराने उत्तराची सुरुवात केलेली असते. यंदाच्या वार्षिक तपासणीची तारीख ठरवा आणि तीच वहीच्या पहिल्या पानावर लिहा.