हवेत झाडलेली गोळी खाली येतेच

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात अनेक गावांची कापूस-तुरीची शेते जंगलाला लागून आहेत. रानडुकरे व रोही यांच्यापासून पीक राखणे हा तेथील शेतकऱ्यांचा नित्याचा प्रश्न होय. याच गरजेसाठी 1959 च्या शस्त्र अधिनियमात पीक संरक्षणार्थ भरमार बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. हा परवाना राखणीपुरता असतो. लग्नाची वरात किंवा विजयाची मिरवणूक यांसाठी नव्हे. तथापि, ‘गोळी आभाळाकडे झाडली तर इजा कोणाला होणार?’ असा समज समारंभप्रसंगी अनेक ठिकाणी आढळतो. तो सर्वथा चुकीचा आहे.

गोळीचा परतीचा प्रवास

अमेरिकी सैन्यदलाने 1920 च्या सुमारास फ्लोरिडात याविषयी प्रयोग केले. रायफलची सरळ वर झाडलेली गोळी सुमारे 2,700 मीटर उंची गाठते आणि पाऊण मिनिटानंतर जमिनीवर परतते. हवेच्या विरोधाने तिचा वेग घटतो, तरी सेकंदाला सुमारे 90 मीटर एवढा राहतो. कातडी भेदण्यास सुमारे 60 मीटरचा वेग पुरेसा असतो. शिवाय गर्दीत बंदूक क्वचितच सरळ धरली जाते. तिरकी गेलेली गोळी अधिक वेग टिकवून दूरवर पडते. वरातीशी संबंध नसलेले, अंगणात निजलेले मूलही तिला बळी पडू शकते. लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयात 1985 ते 1992 या काळात पडत्या गोळ्यांनी जखमी झालेल्या 118 व्यक्ती दाखल झाल्या. त्यांपैकी 38 दगावल्या. आपल्या देशात, हरियाणातील कर्नाल येथे नोव्हेंबर 2016 मध्ये विवाहसमारंभातील गोळीबारात वराची एक नातलग स्त्री मृत्युमुखी पडली.

कायदा आणि कर्तव्य

2019 च्या दुरुस्तीने शस्त्र अधिनियमात जल्लोषातील गोळीबाराचा स्पष्ट उल्लेख आला. सार्वजनिक मेळावा, धर्मस्थळ, विवाह वा अन्य समारंभात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात आणल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सार्वजनिक सुरक्षिततेस्तव परवाना निलंबित वा रद्द करण्याचा अधिकारही परवाना प्राधिकाऱ्यास आहे.

परंतु शिक्षा होते ती गोळी सुटल्यानंतर. ती सुटूच नये, यासाठी लग्नसराईपूर्वीच्या ग्रामसभेत पंचायत सदस्यांनी हा विषय मांडावा, पोलीस पाटलांनी परवानाधारकांना समज द्यावी आणि शिक्षकांनी गोळीच्या परतीचे गणित विद्यार्थ्यांना समजावून सांगावे. आनंद व्यक्त करण्यास सनई-चौघडा आहे, ढोल-ताशा आहे. बंदुकीची जागा शेताच्या राखणीतच असावी.